पांढऱ्या वेष्टनातली तीस गाणी

ज्या ध्वनिमुद्रिकेविषयी आम्ही लिहायला बसलो आहोत, तिच्या वेष्टनावर चित्र नाही. पांढरा पुठ्ठा, त्यावर बोटांना जाणवतील इतपतच उठवलेली, जराशी तिरकी 'द बीटल्स' ही अक्षरे आणि खालच्या अंगाला छापलेला एक क्रमांक, बस्स. आत दोन तबकड्या, चार बाजू, ३० गाणी आणि सुमारे ९३ मिनिटांचे संगीत. २२ नोव्हेंबर १९६८ रोजी हा संच इंग्लंडमध्ये विक्रीस आला. त्याचे खरे नाव म्हणजे त्या गायकगटाचेच नाव. पण ते कोणी घेत नाही. जगभर त्याला 'व्हाइट अल्बम' असेच म्हणतात.

संगीत हा काही आमचा प्रांत नव्हे. धर्मग्रामाच्या गायकवृंदात काही वर्षे मागच्या रांगेत उभे राहून खालचा सूर धरणे, एवढीच आमची पात्रता. तरीही लेखणी हाती घेतली, त्याला कारण आमचा १७ वर्षांचा नातू. मागल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो ओटीवर कानांत बोंडे घालून, डोळे मिटून बसला होता. काय ऐकतोस, म्हणून विचारले, तर त्याने एक बोंड काढून आमच्या कानात ठेवले. 'डिअर प्रूडन्स' चालू होते. गिटारीची तीच पायरी-पायरीने उतरणारी सुरावट आम्ही अठरा वर्षांचे असताना याच ओटीवर ऐकली होती. आजोबांनी ऐकलेले गाणे नातवाने गावे, हे भक्तिगीतांत आणि लग्नगीतांत घडते. तिथे ते शिकवले जाते. पण ज्या बाजारात गाण्याचे आयुष्य एका ऋतूपुरते, तिथले हे ५० वर्षांहून जुने गाणे या मुलाला कोणी शिकवले नव्हते. त्याने ते आपण होऊन शोधले होते. तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळतो आहे: या संचात असे आहे तरी काय?

आमचे थोरले बंधू आमच्याहून सात वर्षांनी मोठे. ते मालवाहू जहाजावर स्टुअर्ड होते. १९६९च्या नाताळात रजेवर घरी आले, तेव्हा त्यांच्या पेटीत आईसाठी काचेच्या बशा, वडिलांसाठी व्हायोलिनच्या तारा आणि तळाशी दोन सदऱ्यांच्या मधोमध हा पांढरा संच होता. लिव्हरपूलच्या बंदरात घेतला, असे त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितले. कारण बीटल्स चौघेही त्याच गावचे. त्या दिवसांत परदेशी रेकॉर्ड वसईसारख्या ठिकाणी हाती लागणे दुरापास्त होते. रेडिओ सिलोनवर खरखरीतून जे कानी पडेल, त्यावरच आमच्या पिढीने आपली तहान भागवली. घरात रेकॉर्ड तर आली, पण वाजवायला यंत्र नव्हते. ते पुढल्या वर्षी, चर्चगेटजवळच्या एका कचेरीत नोकरी लागल्यावर, पहिल्या काही पगारांतून पैसे बाजूला टाकून आम्ही घेतले. म्हणजे संच बंधूंचा आणि यंत्र आमचे. ही किरकोळ वाटणारी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आमच्या वडिलांना बीटल्स ठाऊक होते ते एकाच कारणाने. मार्च १९६६ मध्ये लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड' या पत्राला दिलेल्या मुलाखतीत जॉन लेनन बोलून गेला होता की आपण आता येशूपेक्षाही अधिक लोकप्रिय झालो आहोत. इंग्लंडात त्याचे कोणाला फारसे काही वाटले नाही. मात्र त्या उन्हाळ्यात एका अमेरिकन नियतकालिकाने तेच उद्गार पुन्हा छापले आणि दक्षिणेकडच्या राज्यांत आगडोंब उसळला. रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली, चौकांत रेकॉर्डच्या होळ्या झाल्या आणि ऑगस्टमध्ये शिकागोत पत्रकारांसमोर लेननला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याचा उल्लेख आमच्याकडे एका प्रवचनातही झाला होता. वडील बागायतदार माणूस. केळी आणि पानवेली यांच्यापलीकडचे जग त्यांना ठाऊक होते ते चर्चमध्ये ऐकलेले. त्यांनी पांढरे वेष्टन हातात घेऊन उलटसुलट केले आणि विचारले, "हेच ना ते?" बंधू म्हणाले, "होय बाबा, हेच." वडिलांनी संच परत दिला. संध्याकाळची रोझरी झाल्याशिवाय लावायचा नाही आणि उपवासकाळात तर अजिबात नाही, असा दंडक घालून त्यांनी तो विषय संपवला. जाळला नाही, फेकला नाही. आज आमच्या वयाला पोहोचल्यावर त्यांच्या त्या संयमाचे आम्हांला कौतुक वाटते. तशीही त्यांची त्या काळात बरीच परीक्षा चालली होती. व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेनंतर लॅटिनची मिस्सा मराठीत आली होती आणि तिच्यामागोमाग तरुणांच्या हातातून गिटार चर्चमध्ये शिरली होती. व्हायोलिनवर हयात काढलेल्या माणसाने किती सोसावे?

पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल की या संचातली बरीचशी गाणी आपल्या देशात रचली गेली. १९६८च्या फेब्रुवारीत चौघे जण महर्षी महेश योगी यांच्या हृषीकेश येथील आश्रमात ध्यान शिकायला आले. त्याआधी महिनाभर जॉर्ज हॅरिसन मुंबईत होता. फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने 'वंडरवॉल' या चित्रपटासाठी संगीत मुद्रित केले. त्यात शिवकुमार शर्मांचा संतूर आहे, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. या पार्श्वभूमीवर कोणालाही वाटेल की हृषीकेशहून परतल्यावर निघालेला संच सतारीने दणाणून गेला असेल. आश्चर्य असे की या ३० गाण्यांत सतार कुठेच नाही. आधीच्या संचांत ती होती. भारतात राहून आल्यावर ती नाहीशी झाली! आम्हांला वाटते, भारताने त्यांना यावेळी वाद्य दिले नाही, रिकामा वेळ दिला. आश्रमात ध्वनिमुद्रणाची यंत्रे नव्हती, किंकाळ्या फोडणारे श्रोते नव्हते. सोबत होत्या त्या साध्या लाकडी गिटारी. स्कॉटिश गायक डोनोव्हनही तिथे होता. त्याने लेननला बोटांनी तारा छेडण्याची एक पद्धत शिकवली आणि तीच 'डिअर प्रूडन्स'मध्ये आणि 'ज्युलिया'मध्ये ऐकू येते. प्रूडन्स म्हणजे अभिनेत्री मिया फॅरो हिची धाकटी बहीण, आयरिश कॅथोलिक आईची मुलगी. ती ध्यानात इतकी बुडाली की खोलीबाहेरच येईना. तिला बाहेर बोलावण्यासाठी केलेले ते गाणे आहे. आमच्या नातवाला ही हकिकत सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मग आली का ती बाहेर?" आली होती, पुढे तिने ध्यानाचे वर्गही घेतले.

आश्रमाचा शेवट मात्र गोड झाला नाही. रिंगो स्टार तिखट जेवणाला कंटाळून सुमारे दहा दिवसांत परतला, पॉल मॅकार्टनी महिन्याभराने, आणि लेनन व हॅरिसन एप्रिलमध्ये महर्षींवर रुसून निघून आले. त्या रागावर लेननने गाणे केले. पुढे महर्षींचे नाव काढून तिथे 'सेक्सी सेडी' हे नाव घातले. तो आश्रम कालांतराने ओस पडला, वनखात्याकडे गेला आणि २०१५च्या डिसेंबरात प्रेक्षकांसाठी उघडला. आता लोक तिकीट काढून त्या पडक्या भिंती पाहायला जातात.

३० मे रोजी लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत मुद्रण सुरू झाले आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालले. या साडेचार महिन्यांची हकिकत वाचताना आम्हांला नेहमी एखाद्या एकत्र कुटुंबाचे शेवटचे वर्ष आठवते. चौघे एका छपराखाली, पण चौघांची तोंडे चार दिशांना. एकाच वेळी दोन खोल्यांत दोघे आपापले गाणे वेगवेगळे मुद्रित करीत बसत. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केलेला ध्वनिमुद्रक जेफ एमरिक जुलैच्या मध्यात, 'ओब-ला-दी ओब-ला-दा' या वरवर आनंदी गाण्याच्या दिवसांत, ही भांडणे सोसवत नाहीत म्हणून काम सोडून गेला. २२ ऑगस्टला रिंगोही गेला. आपण चांगले वाजवत नाही आणि बाकीच्या तिघांना आपण नकोसे झालो आहोत, असे त्याच्या मनाने घेतले होते. त्यामुळे संचाची पहिली दोन गाणी रिंगोविनाच मुद्रित झाली. ढोल वाजवला तो मुख्यतः पॉलने. सप्टेंबरच्या आरंभी रिंगो परतला, तेव्हा जॉर्जने त्याचा सगळा ढोलताशा फुलांनी मढवून ठेवला होता. त्याच आठवड्यात जॉर्जने आपल्या 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' या गाण्यासाठी मित्र एरिक क्लॅप्टनला बोलावून आणले. बाहेरचा माणूस पाहताच सगळे एकदम शहाण्यासारखे वागू लागले, असे जॉर्जने पुढे सांगितले आहे. पाहुणा आला की घरातले आवाज खाली येतात, चहाचे कप चांगले निघतात. हे लंडनलाही चुकलेले नाही.

या संचातले सर्वांत एकाकी गाणे 'ज्युलिया'. बीटल्सच्या नावावरचे हे एकच गाणे लेननने अगदी एकट्याने गायिले-वाजवले आहे. ज्युलिया ही त्याची आई. जुलै १९५८ मध्ये, तो १७ वर्षांचा असताना, ती मोटारीखाली सापडून गेली. मॅकार्टनीची आई मेरी ही परिचारिका, कॅथोलिक. ती त्याआधी दोन वर्षे कर्करोगाने गेली होती, तेव्हा पॉल १४ वर्षांचा होता. या दोन मुलांची मैत्री जुळली त्यामागे हा समान पोरकेपणाही होता. दुसऱ्या बाजूवर पॉलचे 'ब्लॅकबर्ड'ही तसेच एकट्याचे. गिटार, जमिनीवर ठेका धरणारे पाऊल आणि ध्वनिसंग्रहातून घेतलेला पाखराचा आवाज, एवढ्यावर ते उभे आहे. त्याचे मूळ बाखच्या एका गतीत आहे आणि रचताना मनात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या कृष्णवर्णीय मुली होत्या, असे पॉलने सांगितले आहे. आमच्या आईला इंग्रजी येत नसे, पण हे गाणे लागले की ती चुलीपुढून विचारी, "पाखराचं आहे ना ते?"

वडिलांचे आवडते गाणे शेवटचे, 'गुड नाइट'. चौथी बाजू संपत आली की ते ओटीवर येऊन बसत. मोठा वाद्यवृंद, व्हायोलिनांचे थर आणि रिंगोचा भाबडा आवाज. "हा माणूस चांगला दिसतो," असे ते म्हणत. ते गाणे जॉन लेननने आपल्या पाच वर्षांच्या मुलाला, ज्युलियनला, निजवण्यासाठी रचले होते. त्याच वर्षी लेननचे घर मोडले आणि मूल आईकडे गेले, हे आम्ही पुढे वाचले. ज्याच्या बोलण्याने वडील दुखावले होते, त्याचेच हे गाणे, हे त्यांना आम्ही दोघा भावांनी कधी सांगितले नाही. सांगायला हवे होते की काय, याचा निर्णय आजही होत नाही.

वडील १९८३ साली वारले. तोवर वसईच्या जमिनीला भाव येऊ लागला होता. ज्या बांधावरून आम्ही लहानपणी अनवाणी धावलो, त्याची मोजणी फुटांत होऊ लागली. १९८५ साली वाटणी झाली. विहिरीच्या पाण्यावरून आणि बांधावरच्या दोन नारळांवरून शब्दाला शब्द लागला. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. आम्ही अधिक बोललो, एवढे कबूल करतो. बंधू सामान हलवत होते त्या सकाळी त्यांनी कपाटातले पांढरे वेष्टन काढले, काखेत मारले आणि ते बांधापलीकडच्या घरी गेले. आत एकच तबकडी आहे, हे त्यांना तिथे गेल्यावर कळले असावे. दुसरी आदल्या रात्रीपासून आमच्या यंत्रावर होती.

ती पोचती करायला पाच मिनिटे पुरली असती. ते मागतील म्हणून आम्ही थांबलो. आम्ही देऊ म्हणून ते थांबले. अशी २३ वर्षे गेली. पहिल्या तबकडीवरची १७ गाणी, वेष्टन, भित्तिचित्र आणि चौघांची छायाचित्रे त्यांच्याकडे. दुसरीवरची १३ गाणी आणि यंत्र आमच्याकडे. त्यांच्याकडे यंत्र नव्हते, म्हणजे त्यांच्या १७ गाण्यांतले एकही वाजत नव्हते. बाजारात कॅसेट मिळू लागली होती. त्यांनी घेतली नाही. आम्हीही घेतली नाही. रविवारी एकाच मिस्सेला जात असू. परस्परांना शांती देण्याची वेळ आली की डावीकडच्याशी हात मिळवायचा आणि उजवीकडे पाहायचेच नाही, ही कला आम्हां दोघांनाही उत्तम साधली होती.

या सक्तीच्या अर्ध्या श्रवणाने एक झाले. तरुणपणी ज्या बाजू आम्ही टाळत असू, त्याच आता उरल्या होत्या. तिसऱ्या बाजूवर 'हेल्टर स्केल्टर' हे कानठळ्या बसवणारे गाणे आहे. नाव इंग्लिश जत्रेतल्या गोल घसरगुंडीचे. पण १९६९च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजलिस येथे चार्ल्स मॅन्सनच्या टोळीने केलेल्या हत्यांमागे त्याने या गाण्याचा लावलेला भलताच अर्थ होता आणि तो डाग त्यावर कायमचा राहिला. हा गदारोळ संपतो न संपतो तोच, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, जॉर्जचे 'लाँग, लाँग, लाँग' सुरू होते. आम्ही ते वर्षानुवर्षे प्रेमगीत समजत होतो. त्यातला 'तू' म्हणजे देव, असे जॉर्जनेच लिहून ठेवले आहे. फार काळ दुरावलेल्या कोणाला तरी पुन्हा गाठल्याचा तो सूर आहे. सुरावटीचा सांगाडा त्याने बॉब डिलनच्या 'ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड' या १९६६च्या जोडसंचातल्या एका दीर्घ गाण्यावरून घेतला, हेही त्याने प्रांजळपणे सांगितले आहे. या गाण्याच्या शेवटी एक विचित्र थरथर ऐकू येते. ध्वनिवर्धकाच्या पेटीवर मद्याची रिकामी बाटली ठेवलेली होती. पॉलने ऑर्गनचा एक विशिष्ट सूर दाबला की ती खडखडू लागे. कोणताही शिस्तप्रिय मुद्रक बाटली उचलून गाणे पुन्हा करवून घेईल. यांनी ती खडखड ठेवली आणि तिच्यावरच गाणे संपवले.

आमच्या मते या संचाचे टिकाऊपण या ठेवून देण्यात आहे. त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन याचे मत होते की तीसांतली कमकुवत गाणी गाळून एकच उत्तम तबकडी काढावी. त्याआधीच्या वर्षीची 'सार्जंट पेपर' तशीच होती: वेष्टनावर रंगीत माणसांची दाटी, आत प्रत्येक सूर घासूनपुसून लावलेला. तिला आम्ही मान देतो. पण ती दिवाणखान्यासारखी आहे, तिथे पाय मुडपून बसता येत नाही. रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकाराने सुचवलेल्या या कोऱ्या पांढऱ्या वेष्टनाच्या आत मात्र सगळे घरच भरून ठेवले आहे: अंगाई, शिमगा, शिव्या, प्रार्थना, कुत्रीवरचे लाडिक गाणे, वाघ मारून आलेल्या अमेरिकन तरुणाची टिंगल, पन्नास-बावन्न सेकंदांचा निव्वळ वाह्यातपणा आणि 'रेव्होल्यूशन ९' हा फितींच्या तुकड्यांचा आठ मिनिटांहून मोठा कोलाहल, ज्याला गाणे म्हणावे की नाही हेच ठरत नाही. रिंगोने आयुष्यात स्वतः रचलेले पहिले गाणेही त्यांनी आत घेतले. फार थोर नाही ते. पण घरातल्या माणसाचे आहे. ऑक्टोबरात जॉन, पॉल आणि मार्टिन यांनी अखंड २४ तास बसून गाण्यांचा क्रम लावला. दोन गाण्यांमधली नेहमीची शांतताही बहुतेक ठिकाणी ठेवली नाही. भांडलेली माणसे खांद्याला खांदा लावून एकाच बाकावर बसावीत तशी ही गाणी बसली आहेत.

यामुळे ऐकणाऱ्याला एक काम उरते. जगभरचे रसिक आजही कागद घेऊन बसतात आणि तीसांतली आपली १४ निवडतात. दोन माणसांच्या याद्या एकसारख्या निघत नाहीत, आणि एकाच माणसाची यादीही विशीत एक तर साठीत दुसरी. घासूनपुसून परिपूर्ण केलेली वस्तू आपण पाहतो आणि परत ठेवतो. हिच्यावर मात्र अजून वाद चालू आहे, म्हणून ती जिवंत आहे. रिंगोकडची पहिल्या क्रमांकाची प्रत डिसेंबर २०१५ मध्ये लिलावात ७ लाख ९० हजार डॉलरना गेली. तो भाव आमच्या आकलनापलीकडचा, आणि त्याने गाण्यांविषयी काही सिद्ध होते असेही नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये या संचाला ४० वर्षे झाली. त्या निमित्ताने व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्व्हातोरे रोमानो' या दैनिकाने एक लेख छापला. बीटल्सच्या गाण्यांचे गुण गायिले आणि लेननच्या त्या जुन्या उद्गारांविषयी लिहिले की, अनपेक्षित कीर्तीने गोंधळून गेलेल्या एका तरुण श्रमिकवर्गीय मुलाची ती बढाई होती. बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली. दोन दिवसांनी आमची पुतणी बांध ओलांडून आली आणि एक कात्रण हातात देऊन, न बसता परत गेली. कात्रणाच्या कडेला बंधूंच्या तिरक्या अक्षरांत लिहिले होते: "बाबा असायला हवे होते. दुसरी अजून वाजते का?"

आम्ही तबकडी आईच्या जुन्या उशीच्या अभ्र्यात घातली, यंत्र नातलगाच्या रिक्षात ठेवले आणि संध्याकाळी गेलो. वहिनींनी दार उघडले. बंधूंनी कपाटातून पांढरे वेष्टन काढले. ते आता पांढरे राहिले नव्हते. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण आतली तबकडी २३ वर्षांत सुईचा स्पर्श न झाल्याने नव्यासारखी चकचकत होती. आमची मात्र झिजून झिजून करकरत होती. दोन्ही लागोपाठ लावल्या तेव्हा कोणती कोणाकडे होती, हे ऐकूनच कळत होते. विहिरीविषयी त्या रात्री बोलणे झाले नाही. पुढेही फारसे झाले नाही. संच मात्र तेव्हापासून त्यांच्याकडे, आणि यंत्रही.

२०१८ साली ५० वर्षांच्या निमित्ताने नवी आवृत्ती निघाली. तीत मे १९६८ मध्ये, स्टुडिओत जाण्यापूर्वी, चौघांनी जॉर्जच्या ईशर येथील बंगल्यात सहज गाऊन ठेवलेली २७ गाणी आहेत. पुतणीने ती मोबाइलवर लावली. लाकडी गिटारी, टाळ्या, कोणी मागून शिट्टी मारते, कोणी हसते. बंधू पुढे वाकून ऐकत होते. "भांडण लागायच्या आधीचं आहे हे," ते म्हणाले.

त्यांनी आता ऐंशी गाठली आहे आणि कान पुष्कळ मंदावले आहेत. तरी महिन्याकाठी एका रविवारी आम्ही जातो. मागे एकदा धर्मग्रामाच्या पत्रकाच्या पाठीवर दोघांनी आपापली १४ गाणी लिहिली. जुळली ती सहा. त्यांच्या यादीत 'रेव्होल्यूशन ९' पाहून आम्ही चकित झालो; पूर्वी ते लागले की हेच सुई उचलत. विचारले, तर म्हणाले, "आता तेवढंच पुरतं ऐकू येतं." आम्ही ते खोडायला सांगितले, त्यांनी साफ नकार दिला, आणि 'गुड नाइट' ठेवून 'हनी पाय' का गाळले यावरून वहिनी चहा घेऊन येईपर्यंत वाद चालला. मग तिसरी बाजू लावली. 'लाँग, लाँग, लाँग'चा आरंभ त्यांना मुळीच ऐकू येत नाही. तो झाला की आम्ही त्यांच्या गुडघ्याला हात लावतो. ते उठून यंत्रापाशी जातात आणि पेटीवर तळवा टेकून, ती बाटली थरथरू लागेपर्यंत तसेच उभे राहतात.